परदेशी व्यापार आणि उतारवयांतील कामगार
(नभोवाणीवरील भाषण)

देशाचा व्यापार वाढला म्हणजे देश समृद्ध होतो, हें अर्थशास्त्राचें जुनें वचन आहे. आणि एकंदर हिशेब मांडला तर तें खोटें नाहीं. परंतु एकंदर हिशेब ही मोठी फसवी वस्तु आहे. हजारों घरांत थोडथोडी बचत झाली आणि एका घरांतील मिळवता हात रिकामा झाला, तर बेरीज फायद्याचीच येते. मात्र त्या एका घरांत चूल पेटविण्यापूर्वीं विचार करावा लागतो. ज्यांच्या नुकसानीवर सर्वांचा फायदा उभा राहिला, त्यांचें बाकीचे लोक कांहीं देणें लागतात कीं नाहीं, आणि लागत असल्यास तें कोणाला, किती व कोणत्या अटींवर द्यावें, हा प्रश्न अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांनीं साठ वर्षें हाताळला. त्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे मुख्यतः ‘पात्रता’ या एका शब्दाचा इतिहास आहे; आणि त्या शब्दाचा जाच सर्वांत अधिक कोणास झाला असेल, तर तो पन्नाशी ओलांडलेल्या कामगारास.

तरुण कामगाराची नोकरी गेली तरी त्याच्यापाशीं एक भांडवल शिल्लक असतें. तें म्हणजे वेळ. तो दुसरें गांव गांठूं शकतो, दुसरा धंदा शिकूं शकतो. शिकण्यांत दोन वर्षें गेलीं तरी पुढें कमाईचीं तीस वर्षें उरतात. पंचावन्न वर्षांच्या माणसाचें तसें नसतें. त्याचें कौशल्य एका यंत्राशीं, एका कारखान्याशीं, पुष्कळदां एका गांवाशीं जडलेलें असतें. घराचें कर्ज फिटत आलेलें असतें, पण गांवांतला कारखानाच बंद पडल्यानें त्या घराला गिऱ्हाईक नसतें. आणि नवा मालक त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहून मनांतल्या मनांत वर्षें मोजतो. जेकबसन, लालॉन्ड व सलिव्हन या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील, एकाच मालकाकडे दीर्घकाळ नोकरी केलेल्या कामगारांची मिळकत तपासून १९९३ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नोकरी सुटल्यावर अनेक वर्षांनींही या लोकांची वार्षिक मिळकत, ती एरवीं असती त्यापेक्षां, सरासरीनें शेंकडा २५ नें कमीच राहिली होती. म्हणजे काम पुन्हां मिळालें, तरी पूर्वींचा पगार परत आला नाहीं. या विषयाचें मर्म या एका आंकड्यांत आहे.

या प्रश्नाचा उगम समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९३० च्या स्मूट-हॉले कायद्यानें अमेरिकेनें आपल्या वेशीवर जकातीची उंच भिंत बांधली; १९३४ पासून परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या धोरणानुसार निरनिराळ्या राष्ट्रांशीं करार करून ती भिंत चिऱ्या-चिऱ्यानें उतरविण्यास आरंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हें काम अधिक वेगानें चाललें. परदेशी मालानें एखादा धंदा बुडूं लागला तर त्या काळीं मुख्य उपाय एकच असे. दिलेली सवलत काढून घेऊन जकात पुन्हां चढवावयाची. या उपायानें एका धंद्याचें रक्षण होई, पण साऱ्या गिऱ्हाइकांस महागाई सोसावी लागे आणि समोरचें राष्ट्रही उलट जकात बसविण्यास मोकळें होई.

१९५३ सालीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दींत परराष्ट्रीय आर्थिक धोरणाचा विचार करण्यासाठीं क्लॅरन्स रँडॉल यांच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग नेमण्यांत आला. पोलाद-कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅक्‌डॉनल्ड हे त्याचे एक सभासद होते. व्यापार मोकळा होऊं द्यावा, परंतु त्यामुळें ज्यांचें काम जाईल त्यांना सरकारनें हात द्यावा, अशी योजना त्यांनीं आयोगापुढें मांडली. बहुमतास ती रुचली नाहीं. पण मॅसॅच्युसेट्सचे तरुण सीनेटर जॉन केनेडी यांनीं तें बीज उचललें आणि १९५४ सालीं तशा अर्थाचें विधेयक सीनेटमध्यें आणलें. बंद पडत चाललेल्या कापडगिरण्या व जोड्यांचे कारखाने त्यांच्या संस्थानाला नवे नव्हते. तेव्हां हा प्रश्न त्यांना पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं.

केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर या बीजास अंकुर फुटला. २५ जानेवारी १९६२ रोजीं काँग्रेसला, म्हणजे तेथील विधिमंडळाला, पाठविलेल्या संदेशांत त्यांनीं या मदतीमागील तत्त्व स्पष्ट केलें. जकात उतरविण्याचा निर्णय राष्ट्राच्या हितासाठीं घेतला जातो. तेव्हां त्यापासून होणाऱ्या दुखापतीचा सारा भार थोड्या माणसांनींच वाहावा हें न्यायाचें नाहीं. त्याचा कांहीं भाग संघ-सरकारनें उचलला पाहिजे, असा त्यांचा आशय होता. ही भिक्षा नव्हे, ही भरपाई आहे, असाच याचा अर्थ. ११ ऑक्टोबर १९६२ रोजीं त्यांनीं व्यापारवृद्धीच्या कायद्यावर सही केली आणि ‘व्यापार-समायोजन साहाय्य’ ही योजना अस्तित्वांत आली.

या कायद्यान्वयें पात्र कामगारास, ठराविक मर्यादेच्या आंत, त्याच्या सरासरी साप्ताहिक वेतनाच्या शेंकडा ६५ इतका भत्ता ५२ आठवडे मिळावयाचा होता. तो एखादा नवा धंदा शिकत असेल तर आणखी २६ आठवडे. आणि नोकरी सुटण्यापूर्वीं ज्याला ६० वर्षें पुरीं झालीं असतील त्याला आणखी १३ आठवडे. उतारवयाच्या माणसाची अडचण निराळी आहे, ही गोष्ट या तेरा आठवड्यांच्या रूपानें योजनेनें आरंभींच मान्य केली होती.

परंतु देणाऱ्याचा हात उदार असला तरी दाराचा उंबरठा पुष्कळदां उंच असतो. कामगाराची वैयक्तिक पात्रता अशी कीं, नोकरी सुटण्यापूर्वींच्या १५६ आठवड्यांपैकीं ७८ आठवडे तो पगारी कामावर असला पाहिजे, आणि अखेरच्या ५२ पैकीं २६ आठवडे तरी व्यापाराची झळ लागलेल्या कारखान्यांत असला पाहिजे. जुन्या कामगारास ही अट जड नव्हती. खरी अडचण पुढें होती. जकात-आयोगापुढें दोन गोष्टी शाबीत कराव्या लागत. पहिली, परदेशी मालाची आयात वाढली ती मुख्यत्वें करारानें दिलेल्या जकात-सवलतीमुळेंच वाढली. दुसरी, नोकरी गेली ती मुख्यत्वें त्या वाढलेल्या आयातीमुळेंच गेली. जोडे शिवणाऱ्या एखाद्या कामगारानें हें कसें सिद्ध करावें? परदेशी जोडा अधिक खपूं लागला तो जकात उतरली म्हणून, कीं तिकडची मजुरी कमी म्हणून, कीं गिऱ्हाइकाची आवड बदलली म्हणून? कारणांचा असा कांहीं गुंता असे कीं त्यांतील मुख्य कारण अमुकच, असें कोणीही छातीवर हात ठेवून सांगूं शकेना. परिणाम असा झाला कीं १९६२ पासून १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सात वर्षांत, कामगारांचा एकही अर्ज मान्य झाला नाहीं. कायदा होता, त्यांत साठीच्या कामगारासाठीं जादा आठवडेही होते. पण ते कोणाच्याच वांट्यास आले नाहींत. कायदा झाला तेव्हां जो माणूस त्रेपन्न वर्षांचा होता, तो पहिला अर्ज मंजूर होईतों साठीला पोंचला. वरातीमागून घोडें म्हणतात, तें हेंच.

अशा स्थितींत कामगार-पुढाऱ्यांचा या योजनेवरील विश्वास उडाला यांत नवल नाहीं. व्यापार मोकळा करण्यास ज्या संघटनांनीं पूर्वीं संमति दिली होती, त्यांच्याच पुढाऱ्यांच्या तोंडीं आतां या साहाय्याचें नांव ‘मर्तिकाचा विमा’ असें पडलें. तेव्हां १९७४ चा नवा व्यापारकायदा करतांना काँग्रेसनें उंबरठा बराच खालीं आणला. या कायद्यावर अध्यक्ष फोर्ड यांनीं ३ जानेवारी १९७५ रोजीं सही केली. जकात-सवलत व आयात यांमधील दुवा सिद्ध करण्याची अट रद्द झाली. आयातीनें नोकरी जाण्यास महत्त्वाचा हातभार लावला असला म्हणजे पुरे, असें ठरलें. आणि महत्त्वाचें कारण म्हणजे इतर सर्व कारणांहून मोठें कारण असें नव्हे, असा खुलासाही कायद्यांतच करण्यांत आला. निर्णयाचा अधिकार आयोगाकडून मजूरमंत्र्यांकडे गेला व त्यासाठीं ६० दिवसांची मुदत घालण्यांत आली. तीन कामगारांनीं मिळून, किंवा त्यांच्या वतीनें संघटनेनें, अर्ज केला तरी चाले. भत्ता शेंकडा ७० झाला आणि साठीच्या कामगाराचे जादा तेरा आठवडे सव्वीस झाले. मात्र एक बारीक कलम येथेंही होतें. अर्जाच्या तारखेपूर्वीं एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर त्या कामगारास मंजुरीचा लाभ नाहीं. ज्याला कायद्याची खबर उशिरां लागली, त्याचें नुकसान कितीही खरें असलें तरी तें कायद्याच्या दृष्टीनें शिळें झालें.

यानंतर पेट्रोलचे भाव भडकले, जपानी लहान मोटारींचा खप वाढला, आणि डेट्रॉइटच्या कारखान्यांतून कामगारांना घरीं बसविण्याची लाट आली. १९८० च्या एका आर्थिक वर्षांत या योजनेखालीं पांच लाखांवर कामगारांस सुमारें १६० कोटी डॉलर वांटण्यांत आले. त्याच वर्षीं सरकारी हिशेबतपासणी-कचेरीच्या नजरेस असें आलें कीं, पुष्कळ कामगारांच्या हातीं ही रक्कम पडली ती ते पुन्हां कामावर रुजू झाल्यानंतर. योजनेवर टीकेचा भडिमार झाला, आणि १९८१ सालीं अध्यक्ष रेगन यांच्या राजवटींत तिला मोठी कात्री लागली. भत्ता साध्या बेकारभत्त्याइतकाच राहिला आणि तोही साधा बेकारभत्ता संपल्यावर मिळूं लागला. साठीच्या कामगारासाठीं असलेले जादा आठवडेही कायद्यांतून गळून पडले. येथें न्यायाचा कांटा कसा फिरला तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. कात्री लागण्यास निमित्त झाले ते चार महिन्यांनीं कामावर परतणारे मोटार-कामगार. पण ती लागली ज्याचा कारखाना कायमचा गेला त्याला. सुक्याबरोबर ओलेंही जळतें तें असें.

१९८८ च्या कायद्यानें भत्ता व शिक्षण यांची सांगड पक्की घातली. शिक्षणवर्गांत नांव घातल्यावांचून, किंवा त्यांतून रीतसर सूट मिळाल्यावांचून, भत्ता नाहीं. बसून खाऊं नये हें तत्त्व म्हणून उत्तम. पण तीस वर्षें मागावर हात चालविलेल्या, लहानपणींच शाळा सोडलेल्या माणसास पुन्हां बांकावर बसवून गणित व संगणक शिकवावयाचा, आणि तो शिकून बाहेर पडेल तेव्हां छप्पन्न वर्षांच्या नवशिक्याला कोण कामावर घेणार या प्रश्नाचें उत्तर मात्र द्यावयाचें नाहीं, हा त्या तत्त्वाचा दुबळा भाग होता. झाडाचें रोप असतांना तें उपटून दुसरीकडे लावतां येतें. जुनें खोड हलवावयाचें तर त्याच्या मुळांचा विचार निराळाच करावा लागतो.

हा निराळा विचार कांहीं अभ्यासकांच्या मनांत याच सुमारास आला. १९८६ सालीं रॉबर्ट लॉरेन्स व रॉबर्ट लिटन या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं ‘पगाराचा विमा’ ही कल्पना मांडली. बेकार असतांना भत्ता देण्याऐवजीं, कामगारानें मिळेल तें काम धरावें, आणि जुन्या व नव्या पगारांतील तुटीचा कांहीं भाग सरकारनें कांहीं काळ भरून द्यावा, असें तिचें स्वरूप होतें. वयस्क कामगाराचें खरें नुकसान बेकारींत जेवढें होतें त्याहून अधिक कमी पगारांत होतें, ही गोष्ट या कल्पनेच्या मुळाशीं होती. ती कायद्यांत उतरण्यास मात्र आणखी सोळा वर्षें लागलीं.

मधल्या काळांत व्यापाराचा ओघ कितीतरी वाढला. १ जानेवारी १९९४ पासून कॅनडा व मेक्सिको यांच्याशीं झालेला मुक्त व्यापाराचा करार अंमलांत आला आणि त्याची झळ लागणाऱ्यांसाठीं एक वेगळी पुरवणी-योजना निघाली. ११ डिसेंबर २००१ रोजीं चीन जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला. या घटनांचा अर्थ कॅनापोलिससारख्या गांवांत पाहावा. उत्तर कॅरोलिना संस्थानांतील हें गांव विसाव्या शतकाच्या आरंभीं जेम्स कॅनन यांच्या गिरणीभोंवतीं वसलें. टॉवेल व चादरी यांसाठीं ही गिरणी देशभर प्रसिद्ध होती. बापामागून मुलगा व आईमागून मुलगी त्याच फाटकांतून आंत जात. मालक बदलत गेले आणि अखेरीस ती पिलोटेक्स नांवाच्या कंपनीकडे आली. ३० जुलै २००३ रोजीं कंपनीनें काम कायमचें थांबविलें. एकट्या उत्तर कॅरोलिनांत साडेचार हजारांहून अधिक माणसें बेकार झालीं. त्या संस्थानांत तोंवर एवढी मोठी कपात एका वेळीं झालेली नव्हती. त्यांत मध्यम वय ओलांडलेलीं माणसें पुष्कळ होतीं आणि अनेकांचें शालेय शिक्षणही पुरें झालेलें नव्हतें. पुढें गिरणीच्या इमारती पाडण्यांत आल्या व त्या जागीं जीवशास्त्रीय संशोधनाचें केंद्र उभें राहिलें. गांवाच्या दृष्टीनें जागेचें सोनें झालें असेल; पण टॉवेलाच्या कांठाला शिवण घालणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईनें प्रयोगशाळेंत कोणतें काम करावें?

त्याच पंधरवड्यांत, म्हणजे ६ ऑगस्ट २००३ पासून, पगाराच्या विम्याची योजना सुरू झाली. अध्यक्ष धाकटे बुश यांनीं ६ ऑगस्ट २००२ रोजीं सही केलेल्या व्यापारकायद्यांत ती समाविष्ट होती आणि ‘वयस्क कामगारांसाठीं पर्यायी साहाय्य’ असें तिचें नांव होतें. कामगाराचें वय ५० किंवा त्याहून अधिक असावें. नोकरी सुटल्यापासून २६ आठवड्यांच्या आंत त्यानें दुसरें पूर्णवेळ काम धरावें. तें काम पूर्वींच्याच कारखान्यांतलें नसावें. आणि नव्या कामाचा पगार वर्षाला ५०,००० डॉलरांहून अधिक नसावा. या अटी पुऱ्या झाल्या म्हणजे दोन पगारांतील तुटीचा निम्मा भाग सरकार दोन वर्षेंपर्यंत भरून देई. मात्र एकूण रक्कम १०,००० डॉलरांपलीकडे जात नसे. उदाहरणार्थ, गिरणींत वर्षाला ४०,००० डॉलर मिळविणारा माणूस ३०,००० च्या नोकरीवर लागला, तर दहा हजारांच्या तुटीपैकीं पांच हजार त्याला दरसाल मिळावयाचे, आणि दोन वर्षांत मर्यादा गांठली जावयाची.

कल्पना साधी, हिशेब स्वच्छ. पण पात्रतेच्या कलमांनीं तिलाही वेढलें. प्रथम, हा पर्याय हवा आहे अशी मागणी कामगारसमूहाच्या मूळ अर्जांतच करावी लागे. मग मजूरखातें तीन गोष्टी तपाशी: त्या कारखान्यांत पन्नाशीवरील कामगारांची संख्या लक्षणीय आहे काय, त्यांचें कौशल्य दुसऱ्या धंद्यांत सहज उपयोगी पडणारें नाहीं असें आहे काय, आणि त्या धंद्याची स्थिति हलाखीची आहे काय. येथें एक विलक्षण पेंच उभा राहिला. सरकारच्या पहिल्या खिडकीपाशीं कामगारानें सिद्ध करावयाचें कीं, माझी कला दुसरीकडे कोणाच्या कामाची नाहीं. आणि लगेच दुसऱ्या खिडकीपाशीं सिद्ध करावयाचें कीं, २६ आठवड्यांच्या आंत मला दुसऱ्यानें कामावर घेतलें आहे. ही सहा महिन्यांची मुदत अनेकांना पुरत नाहीं, हें पुढें सरकारी तपासनिसांच्याही नजरेस आलें. शिवाय निवड एकदांच करावयाची होती. पगाराचा विमा घेतला कीं शिक्षण व भत्ता यांवर पाणी सोडावें लागे. आणि शिक्षणाच्या वाटेनें जावें तर तेथेंही घड्याळ होतें; मंजुरीपासून ८ किंवा नोकरी सुटल्यापासून १६ आठवडे, यांपैकीं जी मुदत नंतर संपेल तिच्या आंत वर्गांत नांव घातलें पाहिजे. निवृत्तीला दोन वर्षांहून कमी काळ उरलेल्या कामगारास या अटींतून सूट मिळूं शके. २०११ च्या कायद्यानें तीही सूट काढून घेतली.

या कायद्यांत वयस्कांच्या फार उपयोगाची आणखी एक तरतूद होती. अमेरिकेंत आजारपणाचा विमा बहुधा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबरच जातो. वृद्धांसाठीं असलेला सरकारी विमा ६५ व्या वर्षीं सुरू होतो. मधलीं दहा-बारा वर्षें हीच शरीर कुरकुरूं लागण्याचीं वर्षें. म्हणून २००२ च्या कायद्यानें पात्र कामगारांना विम्याच्या हप्त्याच्या शेंकडा ६५ इतकी करसवलत देऊं केली. पण राहिलेले शेंकडा ३५ भरावयाचे कोठून, हा प्रश्न बेकाराच्या घरीं उरेच.

१७ फेब्रुवारी २००९ रोजीं, मंदीच्या ऐन कडाक्यांत, अध्यक्ष ओबामा यांनीं सही केलेल्या कायद्यानें यांतील पुष्कळशा गांठी सोडविल्या. वयस्कांच्या पर्यायासाठीं निराळी मंजुरी नको. २६ आठवड्यांची घाई नको. शिक्षण चालू असेल तर आठवड्याला २० तासांचें कामही चालेल. पगाराची मर्यादा ५५,००० आणि साहाय्याची १२,००० डॉलर. शिवाय केवळ कारखान्यांतील नव्हे, तर सेवाव्यवसायांतील कामगारही पात्र झाले, आणि काम कोणत्याही देशांत गेलेलें असलें तरी चालूं लागलें. चीन व हिंदुस्थान हे देशही त्यांत आले. येथें या दूरदेशच्या कहाणीचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. तिकडच्या पन्नाशीच्या कारकुनाच्या टेबलावरून जें काम उठलें, त्यांतील कांहीं पुण्या-बंगळूरच्या तरुणांच्या टेबलावर आलें. त्या तरुणांनीं कोणाचें कांहीं चोरलें नाहीं; पण व्यापाराच्या वहींत एका पानावर जमा पडली म्हणजे दुसऱ्या कोठल्यातरी पानावर खर्च पडलेला असतो, हें विसरून चालत नाहीं.

ही उदारताही टिकली नाहीं. फेब्रुवारी २०११ मध्यें तिची मुदत संपली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांतील कायद्यानें योजना सावरली, पण मर्यादा पुन्हां ५०,००० व १०,००० वर आणल्या. २०१४ च्या आरंभीं ती पुन्हां आंखडली; २०१५ च्या कायद्यानें पुन्हां वाढली. एकाच कारखान्यांतून सहा महिन्यांच्या अंतरानें बाहेर पडलेल्या दोन कामगारांना निरनिराळे नियम लागावे, असा हा खेळ होता. पात्रता आतां माणसाच्या नुकसानीवर ठरत नव्हती. ती पंचांगावर ठरत होती.

मग ज्यांना हें साहाय्य मिळालें नाहीं ते गेले कोठें? डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न व गॉर्डन हॅन्सन यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याचें उत्तर सांपडतें. चिनी मालाची झळ ज्या भागांना अधिक लागली तेथें सरकारी मदतीचा खर्च वाढला खरा. पण त्यांत व्यापार-साहाय्याचा वांटा अगदीं अल्प होता. वाढ झाली ती अपंगत्वाचें वेतन, निवृत्तिवेतन आणि औषधोपचार यांवरील खर्चांत. म्हणजे समाजाला पैसा द्यावा लागलाच. मात्र काम करूं इच्छिणाऱ्या माणसास कामगार म्हणून मिळाला नाहीं, तो शेवटीं रोगी म्हणून मिळाला.

उलटपक्षीं, जेथें पगाराचा विमा खरोखर हातीं पडला तेथें काय घडलें, याचाही शोध अलीकडे बेंजामिन हायमन, ब्रायन कोव्हॅक व अ‍ॅडम लाइव्ह यांनीं घेतला. नोकरी सुटतांना पन्नाशीच्या किंचित अलीकडे व किंचित पलीकडे असलेल्या कामगारांची त्यांनीं तुलना केली. पन्नाशी ओलांडल्यामुळें जे विम्यास पात्र ठरले ते लवकर कामाला लागले आणि पुढील वर्षांतील त्यांची एकूण कमाईही अधिक झाली, असें दिसून आलें. वाचलेला बेकारभत्ता व वाढलेला कर यांतून सरकारचा खर्चही भरून निघण्याजोगा होता. ज्या कलमावर खर्च होईल म्हणून इतके पहारे बसविले होते, तेंच कलम स्वतःचा खर्च भागविणारें निघालें.

परंतु हा हिशेब पुढें येईपर्यंत योजनेची अखेर जवळ आली होती. १ जुलै २०२१ पासून सेवाव्यवसायांतील कामगार पुन्हां वगळले गेले. १ जुलै २०२२ पासून मजूरखात्याचा नव्या अर्जांवर निर्णय करण्याचा अधिकारच संपला. पूर्वीं मंजुरी मिळून त्या तारखेच्या आंत ज्यांची नोकरी सुटली होती त्यांचें साहाय्य चालूं राहिलें. त्यानंतर ज्याचा कारखाना बंद पडला त्याचा अर्ज नुसता पडून राहिला. १९६२ सालीं जन्मलेली ही योजना अशा रीतीनें स्वतःच साठीच्या उंबरठ्यावर निकालांत निघाली.

या साठ वर्षांत सरकारनें कामगारास पुष्कळ प्रश्न विचारले. तुझी नोकरी कोणामुळें गेली, केव्हां गेली, किती आठवडे तूं कामावर होतास, नवें कांहीं शिकतोस काय, तुझी कला इतरांच्या उपयोगाची नाहीं असें सिद्ध करतोस काय. ‘तुझें किती गेलें?’ हा साधा प्रश्न विचारण्यास मात्र चाळीस वर्षें लागलीं, आणि तो विचारल्यावर वीस वर्षांत दार बंद झालें. सार्वजनिक पैशाची राखण झालीच पाहिजे. अपात्र माणसाच्या हातीं तो पडूं नये ही काळजी योग्यच आहे. पण प्रत्येक पुराव्याला वेळ लागतो, आणि उतारवयाच्या माणसापाशीं नेमकी त्याचीच वाण असते. तरुणाला उशिरां दिलेली मदत मदतच राहते. पन्नाशीच्या माणसाला ती उशिरां दिली, तर ती घ्यावयास बहुधा दुसराच कोणी माणूस दाराशीं येतो: अधिक थकलेला, अधिक गरीब, आणि ज्याला आतां काम नको, औषध हवें आहे असा. केनेडी यांनीं ज्याला भरपाई म्हटलें तें ऋण होतें; आणि ऋण फेडावयाचें तर तें धनको हयात व धडधाकट असतां फेडावें, हा व्यवहाराचा नियम सावकारापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांस ठाऊक आहे.